मैत्री : देशोदेशीची आणि जीवमात्राची

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संस्थेची ५० वर्षे मोजताना आपण इमारतीचे मजले मोजतो, देणगीदारांच्या पाट्या वाचतो, शिष्यवृत्तीचे आकडे सांगतो. ते योग्यच आहे. हिशोब चोख असावा ही आपली परंपरा आहे. परंतु कोणत्याही संस्थेच्या ताळेबंदात एक रक्कम कधीच दिसत नाही. पहिली सभा भरते तेव्हा जागा नसते, निधी नसतो, पावतीपुस्तकही छापलेले नसते. असतो तो केवळ चार माणसांचा एकमेकांवरील विश्वास. त्या विश्वासाच्या भांडवलावर पुढचे सारे उभे राहते. म्हणूनच अशा मंगल प्रसंगी मैत्री या विषयाचे चिंतन करणे अप्रस्तुत ठरणार नाही. निरनिराळ्या देशांतील लोकांनी मैत्री कशी ओळखली, तिच्यावर कोणती जबाबदारी टाकली आणि तिची मर्यादा कोठे पडते, हे पाहिले तर आपल्या शास्त्रांनी सांगितलेल्या मैत्रीभावनेचे मोलही अधिक स्पष्ट होईल.

प्रथम शब्दच पाहू. 'मित्र' हे ऋग्वेदात एका देवतेचे नाव आहे. वरुणाच्या जोडीने येणारी ही देवता दिलेल्या वचनाची राखणदार मानली जाई. प्राचीन इराणच्या अवेस्ता भाषेत 'मिथ्र' या शब्दाचा अर्थच करार असा होतो. आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय येथे मातीच्या विटांवर कोरलेला एक तह सापडला. इ.स.पूर्व १४ व्या शतकात हित्ती आणि मितन्नी राजांमध्ये झालेल्या त्या तहात साक्षीदार देवांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे आहेत. म्हणजे मित्र या शब्दाच्या मुळाशी गोड बोलणे नाही, तर दिलेला शब्द पाळणे आहे. बाजारपेठेत 'शब्दाचा माणूस' म्हणून ज्याची ख्याती असते, त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने इ.स.पूर्व ४ थ्या शतकात नीतिशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १० भागांपैकी पूर्ण २ भाग त्याने मैत्रीला दिले. त्याने मैत्रीचे तीन प्रकार केले. पहिली उपयोगासाठी, दुसरी आनंदासाठी आणि तिसरी सद्गुणासाठी. उपयोगाची मैत्री उपयोग असेपर्यंत टिकते, आनंदाची मैत्री वय आणि आवड बदलली की सुटते, आणि एकमेकांचे चांगुलपण ओळखून झालेली मैत्री दीर्घकाळ राहते. पहिल्या दोन प्रकारांना त्याने पाप ठरवले नाही, त्यांना फक्त त्यांच्या जागी ठेवले. खऱ्या मित्राची पारख व्हायला वेळ लागतो, दोघांनी एकत्र पुष्कळ मीठ खाल्लेले असावे लागते, अशी त्याच्या काळात लोकोक्ती होती व तिचा त्याने उल्लेख केला आहे. अरब लोकही भाकरी आणि मिठाच्या नात्याला पवित्र मानतात. आपल्याकडे मात्र 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणजे अन्नदात्याशी इमान राखणे. मीठ तेच, एका देशात ते धनी आणि चाकर यांना बांधते, दुसऱ्या देशात दोन बरोबरीच्या माणसांना.

चीनमध्ये कन्फ्यूशियसच्या परंपरेने समाजाची पाच नाती सांगितली. राजा आणि अमात्य, पिता आणि पुत्र, पती आणि पत्नी, थोरला आणि धाकटा भाऊ, आणि मित्र व मित्र. पहिल्या चार नात्यांत एक वरचा आणि एक खालचा असतो. मित्राचे नाते तेवढे बरोबरीचे. या नात्याचा आदर्श म्हणून चिनी लोक आजही ज्या दोघांची नावे घेतात, ते दोघे मुळात व्यापारातील भागीदार होते, हे येथे आवर्जून सांगण्यासारखे आहे.

इ.स.पूर्व ७ व्या शतकात छी नावाच्या राज्यात ग्वान चोंग आणि बाओ शू या असे दोन मित्र होते. दोघे भागीदारीत व्यापार करीत. नफ्याची वाटणी करताना ग्वान चोंग स्वतःकडे अधिक वाटा घेई. लोक नावे ठेवीत, परंतु बाओ म्हणे की तो लोभी नाही, त्याच्या घरी गरिबी आहे. ग्वानने हाती घेतलेले काम फसले तरी बाओ त्याला मूर्ख म्हणत नसे. काळ अनुकूल नव्हता असे म्हणे. पुढे राज्यात गादीवरून संघर्ष झाला आणि दोघे मित्र दोन विरुद्ध राजपुत्रांच्या पक्षात गेले. ग्वानने तर बाओच्या राजपुत्रावर बाण सोडला. तो कमरपट्ट्याच्या कडीवर लागला म्हणून राजपुत्र वाचला. तोच राजपुत्र इ.स.पूर्व ६८५ मध्ये ह्वान या नावाने गादीवर आला. बाओच्या हाती प्रधानपद येणार होते. त्याने राजाला सांगितले की राज्य मोठे करायचे असेल तर हे पद ग्वानला द्यावे. ज्याने बाण मारला त्याला प्रधान करावे, ही शिफारस राजाने मानली, ग्वान प्रधान झाला आणि बाओ त्याच्या हाताखाली राहिला. छीचे राज्य त्या काळातील सर्वांत प्रबळ राज्य झाले. जन्म आईवडिलांनी दिला पण ओळखले ते बाओने, अशा आशयाचे उद्गार ग्वानने पुढे काढल्याचे इतिहासकार सिमा छ्यान याने नोंदवले आहे.

भागीदारी मोडण्याचे कारण बहुधा पैसा नसतो. 'त्याने जास्त घेतले' या वाक्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या परीने लावतो, आणि तो अर्थच भागीदारी मोडतो. बाओने तो अर्थ करुणेने लावला. वही तीच, आकडे तेच, वाचणाऱ्याची दृष्टी वेगळी.

आता समुद्राकडे वळू. कैरो शहरातील एका जुन्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या कोठीत शेकडो वर्षांची कागदपत्रे साठली होती. ज्यू लोकांत ईश्वराचे नाव असलेला कागद फाडून टाकण्याची रीत नाही, म्हणून चिठ्ठ्याचपाट्याही जपल्या गेल्या. १९ व्या शतकाच्या अखेरीस त्यातील फार मोठा भाग केंब्रिजला गेला. त्या कागदांत भारताशी व्यापार करणाऱ्यांची पत्रे निघाली. मूळचा ट्युनिशियाचा अब्राहम बेन यिजू नावाचा ज्यू व्यापारी १२ व्या शतकात मंगळूरला बरीच वर्षे राहिला होता. एडनचा माल मंगळूरला, मंगळूरची मिरी एडनला, असा त्याचा व्यवहार. या पत्रांचा अभ्यास करणारे विद्वान गॉइटाइन यांच्या लक्षात आले की यातील फार मोठा व्यापार लेखी भागीदारीवर नव्हे, तर परस्पर सहकार्यावर चालत होता. एकाने दुसऱ्याचा माल विकून द्यावा, त्याची आडत मागू नये, आणि दुसऱ्याने आपल्या बंदरात त्याचे काम तसेच करावे. या व्यवहाराला ते लोक मैत्री, सोबत असेच शब्द वापरीत. मराठीतला 'सोबत' हा शब्द मूळ अरबी 'सोहबत' वरून आला, हे पुष्कळांना माहीत नसते. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर हा शब्द पोहोचला, यात नवल ते काय?

याच समुद्रावर व्यापार करणाऱ्या एका जैन श्रेष्ठीचे स्मरण येथे झालेच पाहिजे. कच्छमधील भद्रेश्वरचे जगडू शाह हे १३ व्या शतकातील. तीन वर्षांच्या दुष्काळात त्यांनी आपली धान्याची कोठारे खुली केली, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. परंतु सर्वानंद सूरींच्या 'जगडूचरित' या काव्यात आणखी एक गोष्ट आहे, ती तुलनेने कमी सांगितली जाते. जिनमंदिरांचा जीर्णोद्धार करणाऱ्या या श्रावकाने भद्रेश्वरात मुसलमानांसाठी मशीदही बांधून दिली. स्वतःच्या धर्मात रेसभरही न्यून येऊ न देता दुसऱ्याला प्रार्थनेसाठी जागा द्यायची, हे त्यांना सहज साधले. ज्याचा स्वतःचा पाया भक्कम असतो, त्याला शेजाऱ्याच्या भिंतीची भीती वाटत नाही.

आपल्या देशातही मैत्रीचे रीतसर विधी आहेत. छत्तीसगडमध्ये 'मितान' बदण्याची प्रथा आहे. दोन माणसे विधिपूर्वक मित्र होतात. कोणी जगन्नाथपुरीचा प्रसाद एकमेकांना देऊन 'महाप्रसाद' होतात, कोणी गंगेचे पाणी देऊन 'गंगाजल' होतात. त्यानंतर ते एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, तर 'महाप्रसाद' असेच म्हणतात. एकाचे आईवडील दुसऱ्याचे आईवडील होतात, सुखदुःखाचे प्रसंग दोन्ही घरांचे होतात, आणि हे नाते पुष्कळदा जातीच्या भिंती ओलांडून जुळते. नेपाळमध्येही 'मीत' लावण्याची अशीच रीत आहे. ज्या समाजात रोटीबेटीचे नियम कडक होते, त्याच समाजाने भिंतीत ही एक खिडकी ठेवली. नियम करणाऱ्यांनाही ठाऊक असावे की केवळ आपल्याच माणसांत राहून माणूस पूर्ण होत नाही.

बंधू-भगिनींनो, भिन्न संस्कृतींतील मैत्रीचे जवळच्या काळातील एक उदाहरण थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. महात्मा गांधी आणि हर्मान कॅलनबाख यांचे ते उदाहरण. मुंबईतील जवाहिऱ्याच्या पेढीवर बसून आत्मचिंतन करणारे श्रीमद् राजचंद्र यांची गांधींशी १८९१ मध्ये भेट झाली आणि गांधींच्या मनात अहिंसेचे बीज दृढ झाले, हे आपण जाणतो. त्या बीजाला दक्षिण आफ्रिकेत ज्यांनी पाणी घातले, त्यांत हा जर्मन ज्यू वास्तुविशारद अग्रभागी होता.

जोहान्सबर्गमध्ये दोघांचा परिचय झाला तेव्हा बोलणे निघाले ते गौतम बुद्धाच्या गृहत्यागाचे. कॅलनबाख अविवाहित होते आणि घरभाडे वगळून महिन्याला १,२०० रुपये स्वतःवर खर्च करीत. गांधींच्या सहवासात हा खर्च १२० रुपयांवर आला, असे गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे. १९१० मध्ये कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गपासून सुमारे २१ मैलांवरील आपली १,१०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी विनामूल्य दिली. तोच टॉल्स्टॉय फार्म. तेथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी एकत्र राहत. सर्वांनी मिळून शाकाहार स्वीकारला. रमजानच्या महिन्यात मुसलमान मुलांना एकटे वाटू नये म्हणून इतर मुलेही दिवसभराचा उपवास करीत. ख्रिस्ती मठात जाऊन कॅलनबाख चपला शिवायला शिकले आणि ते काम त्यांनी गांधींना शिकवले. शिष्य कोण आणि गुरू कोण, हे ठरवणे कठीण. विनोदाने गांधी स्वतःला 'वरिष्ठ सभागृह' म्हणत आणि मित्राला 'कनिष्ठ सभागृह'. या मैत्रीचा पत्रसंग्रह लिलावात जाणार होता, तेव्हा २०१२ मध्ये भारत सरकारने तो विकत घेतला.

त्या फार्मवर साप पुष्कळ. कॅलनबाख यांनी सापांचा अभ्यास केला, एक नाग पकडला, पिंजऱ्यात ठेवला आणि स्वतःच्या हाताने त्याला खाऊ घालू लागले. फार्मवरची मुले पाहायला येत. गांधींच्या मनात मात्र शंका आली. आपण मित्रभावाने खाऊ घालतो हे त्या नागाला समजते काय? आणि त्याला मोकळा सोडून त्याच्याशी निर्भयपणे वागण्याचे धैर्य आपल्याजवळ आहे काय? नसेल तर ही मैत्री कसली? पुढे एके दिवशी पिंजरा रिकामा आढळला. हा प्रसंग वाचताना भगवान महावीर आणि चंडकौशिक यांचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. भगवंतांजवळ पिंजरा नव्हता, दंड नव्हता, भय नव्हते. म्हणून त्या दृष्टिविष सर्पाचा क्रोध शमला. ज्याला आपण भितो त्याच्याशी मैत्री होत नाही, आणि ज्याला आपण कोंडून ठेवतो त्याच्याशीही होत नाही. ही कसोटी सापालाच नव्हे, तर घरातील सुनेला, दुकानातील नोकराला आणि शेजारच्या वस्तीलाही लागू आहे.

१९१४ मध्ये दोघे एकाच जहाजाने इंग्लंडकडे निघाले. कॅलनबाख यांना किमती दुर्बिणींचा छंद. साधेपणाच्या आदर्शात हा छंद बसतो का, यावर रोज चर्चा होई. शेवटी गांधी म्हणाले की या दुर्बिणीवरून आपल्यात वाद होण्यापेक्षा ती समुद्रात का टाकू नये? मित्राने तत्काळ मान्य केले आणि सुमारे ७ पौंडांची दुर्बीण समुद्रात गेली. किमतीपेक्षा मोह मोठा होता, हे गांधींनी नमूद केले आहे. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. कॅलनबाख जर्मन, म्हणून त्यांना भारतात येण्याची परवानगी मिळाली नाही आणि त्यांना नजरकैदेत राहावे लागले. ज्याच्यासाठी घर, पैसा, छंद सोडला, त्याच्यापासून सरकारी आदेशाने ताटातूट झाली. पुन्हा भेट झाली ती १९३७ मध्ये, २३ वर्षांनी, भारतात. वर्ध्याजवळच्या सेगावात, आजच्या सेवाग्रामात, हा युरोपीय मित्र येऊन राहिला.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. जर्मनीत हिटलरने ज्यूंचा छळ मांडला होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधींनी 'हरिजन'मध्ये ज्यूंना अहिंसक प्रतिकाराचा सल्ला दिला आणि पॅलेस्टाइनविषयीही आपले मत मांडले. अनेक ज्यू दुखावले गेले. कॅलनबाख स्वतः ज्यू होते आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना मायभूमी मिळावी, या मताचे होते. १९३९ च्या आरंभी ते पुन्हा सेवाग्रामला आले. त्यांच्या मुक्कामातच गांधींनी लिहिले की, घरी राहत असलेल्या एका ज्यू मित्राचा अहिंसेवर बुद्धीने विश्वास आहे, पण हिटलरसाठी प्रार्थना करणे त्याला शक्य होत नाही. आणि त्याच्या या क्रोधाबद्दल आपण त्याच्याशी भांडत नाही.

या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबावे. ज्याने अहिंसेसाठी आयुष्य दिले, त्याच्या घरात, त्याचा जिवलग मित्र म्हणतो की हे जमत नाही. गांधींनी आपले मत बदलले नाही, मित्राने आपला क्रोध लपवला नाही, आणि दोघे एकाच छताखाली राहिले. कॅलनबाख यांचे १९४५ मध्ये निधन झाले. त्यांच्या अस्थी गॅलिली सरोवराकाठच्या देगानिया वसाहतीत ठेवल्या गेल्या. त्यांची मते अखेरपर्यंत त्यांचीच राहिली आणि मैत्रीही अखेरपर्यंत राहिली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. याच गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे की अनन्य मैत्री टाळावी, कारण ज्याला ईश्वराशी मैत्री करायची त्याने एकटे राहावे किंवा साऱ्या जगाला मित्र करावे. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४९ मधील एका निबंधात यावर आक्षेप घेतला. एखाद्या माणसावर इतरांपेक्षा अधिक प्रेम करणे हेच माणूसपण, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य. जैन श्रोत्याला हा वाद नवा नाही. गौतम गणधरांचे भगवान महावीरांवरील प्रेम किती निर्मळ! तरीही परंपरा सांगते की त्या स्नेहाचा धागाही केवलज्ञानाच्या आड येत होता, आणि भगवंतांच्या निर्वाणानंतरच तो सुटला. राग मग तो कितीही सुंदर असो, बंधनच. मग मित्र करूच नयेत काय?

आपल्या आचार्यांनी याचे उत्तर फार समतोल दिले आहे. तत्त्वार्थसूत्रात चार भावना सांगितल्या. सर्व जीवांविषयी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी कारुण्य आणि विपरीत वागणाऱ्यांविषयी माध्यस्थ्य. ज्ञानेश्वर माउलींनी १२९० मध्ये आपल्या ग्रंथाच्या शेवटी जे मागणे मागितले, त्यातही जीवांची परस्पर मैत्री हेच मागणे आहे. गृहस्थाला मात्र सर्व जीवांपर्यंत एकदम पोहोचता येत नाही. त्याला एका माणसापासून आरंभ करावा लागतो. एकाचा क्रोध सोसायला शिकले की दुसऱ्याचा सोसता येतो. एका परक्याचे ताट आपल्या पंक्तीत सन्मानाने मांडले की पंक्ती लांबवता येते. मैत्री ज्याच्याशी जुळली त्याच्यापाशीच अडकून पडली तर तो मोह; तेथून पुढे वाढत गेली तर ती भावना.

आता थोडे आपल्याकडे पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ मध्ये ३० जुलै हा आंतरराष्ट्रीय मैत्री दिन म्हणून जाहीर केला. आपली तरुण मुले मनगटाला रंगीत फिती बांधतात, त्यात वाईट काही नाही. परंतु मैत्रीचा दिवस आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहे. तो क्षमापनेचा दिवस. जगातील पुष्कळ संस्कृतींनी मैत्री जोडण्याचे विधी दिले. तुटलेली मैत्री सांधण्याचा दिवस पंचांगातच लिहून ठेवणारे मात्र थोडे. आज त्या दिवसाचे काय झाले आहे? पूर्वी छापील पत्रिका शेकड्यांनी जात, आता मोबाइलवर एकच संदेश शेकडो लोकांना जातो. ज्यांच्याशी कधी वाद झाला नाही, त्यांची क्षमा मागून होते. ज्या सख्ख्या भावाशी वाटणीवरून दहा वर्षे बोलणे बंद आहे, ज्या जुन्या भागीदाराच्या दुकानावरून जाताना मान वळवली जाते, त्याचे नाव त्या यादीत नसते. कापडाला कच्चा रंग असेल तर पहिल्या धुण्यातच निघतो. क्षमापनेचा रंग पक्का की कच्चा, हे संदेशांच्या संख्येवर ठरत नाही. तो त्या एका नावावर ठरतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या लग्नाच्या पंक्तीत, मंदिराच्या कार्यक्रमात, पर्यटनाला निघालेल्या बसमध्ये आपल्याच समाजाची माणसे असतात. व्यवहार मात्र साऱ्या गावाशी चालतो. ज्याच्याकडून माल घेतो, ज्याला माल विकतो, जो माल वाहून आणतो, त्यांच्यापैकी किती जणांच्या घरचा उंबरा आपण ओलांडला? जगडू शाहांचे नाव घेताना हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

संस्थेची पुढची ५० वर्षे आता सुरू होत आहेत. इमारत वाढेल, निधी वाढेल, तो वाढवावाही. त्याबरोबर प्रत्येक कुटुंबाने एक छोटा संकल्प करावा. येत्या क्षमापनेच्या दिवशी कोणताही संदेश पाठवण्याआधी एका घरी पायी जावे. ज्या घराची पायरी चढणे सर्वांत अवघड वाटते, त्याच घरी. तेथे जुना हिशोब काढू नये. बाओने वही वाचली तशी ती वाचावी, आणि दोन्ही हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणावे. एवढे झाले तर मैत्रीवर वेगळे भाषण करण्याची गरज उरणार नाही.

जय जिनेंद्र.